जबरजद की जमुर्रद? : एका हिरव्या खड्याचा इतिहास

आपल्या समाजात अंगठीतल्या नगीन्याला एक जिव्हाळ्याचे स्थान आहे. अकीक, फिरोजा, याकूत, मरजान ही नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सहज येतात. कुरआन शरीफातील सूरह रहमानमध्ये मोती, मरजान आणि याकूत यांचे उल्लेख आहेत, त्यामुळे ही नावे ज्यांनी कधी जव्हेऱ्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही त्यांच्याही कानांवर पडलेली असतात. जबरजद या नावाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. जन्नतच्या वर्णनांत, अरबी-फारसी शायरीत, तुर्कांच्या खजिन्यांच्या याद्यांत हे नाव वारंवार येते. पण जबरजद म्हणजे नेमका कोणता खडा, असे विचारले तर बरेच जण गप्प बसतात. कुणी पाचू म्हणतो, कुणी पुष्कराज म्हणतो. जुन्या कोशांतही हा गोंधळ आहे. जव्हेरी मात्र आज याच खड्याला पेरिडॉट म्हणतात आणि त्या नावाने तो कुठेही सहज मिळतो.

एका खड्याच्या नावाचा घोळ ही तशी क्षुल्लक गोष्ट. पण हा घोळ कसा झाला, कोणी तो सोडवण्याचा प्रयत्न केला आणि कोणत्या साधनांनी केला, हे पाहू गेल्यास आपल्या ज्ञानपरंपरेचे एक फार बोलके पान उघडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खड्याची ओळख

जबरजद हा ऑलिव्हीन नावाच्या खनिजाचा पारदर्शक, दागिन्याच्या प्रतीचा प्रकार. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि प्राणवायू यांचा तो बनलेला असतो. त्याचा रंग कोवळ्या पानासारखा पोपटी हिरवा, किंचित पिवळ्याकडे झुकलेला. पाचूचा हिरवा रंग हा मूळच्या रंगहीन खनिजात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश मिसळल्यामुळे येतो. म्हणजे तो एका अर्थी पाहुणा रंग आहे. जबरजदचा रंग त्याच्या अंगातल्या लोहाचा आहे. लोह त्याच्या घडणीचाच भाग असल्यामुळे हा खडा हिरव्याखेरीज दुसऱ्या रंगात मिळत नाही. लोह वाढले की हिरव्यात तपकिरी छटा उतरते, फार कमी झाले की रंग फिका पडतो. मधल्या प्रमाणातला खडा जाणकार निवडतात.

ऑलिव्हीन हे खनिज दुर्मिळ नाही. पृथ्वीच्या कवचाखाली जे प्रावरण आहे त्याच्या वरच्या भागात याच खनिजाचे प्राबल्य आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाबरोबर ते वर येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने आपले दख्खनचे पठार बनले त्या काळ्या फत्तरातही ऑलिव्हीनचे बारीक कण आढळतात. पण ते कण म्हणजे नगीना नव्हे. मोठा, स्वच्छ, भेगा नसलेला स्फटिक मिळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे आणि प्राचीन जगात असे स्फटिक मिळण्याचे प्रसिद्ध ठिकाण होते तांबड्या समुद्रातले एक उजाड बेट.

सापांचे बेट

इजिप्तच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, कर्कवृत्ताच्या थोडे वर, तांबड्या समुद्रात हे बेट आहे. आज त्याचे नाव जबरगद. इंग्रजांच्या नकाशांवर ते सेंट जॉन बेट म्हणून दाखवले जाई. अरबस्तान आणि आफ्रिका या दोन भूखंडांना दूर लोटणाऱ्या हालचालींत पृथ्वीच्या पोटातला प्रावरणाचा खडक इथे पृष्ठभागावर आला. त्याच्या भेगांत हिरवे स्फटिक तयार झाले. बेटावर ना झाड, ना गोडे पाणी.

ग्रीक लेखकांनी या बेटाला 'सापांचे बेट' म्हटले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या अगाथार्किडीसने लिहिलेली हकिकत पुढच्या लेखकांनी जपून ठेवली. त्याच्या सांगण्याप्रमाणे, इजिप्तच्या राजांनी हे बेट सापांपासून मोकळे करवून घेतले, कारण तिथे मौल्यवान खडे सापडत. बेटावर पहारा असे. परवानगीशिवाय उतरणाऱ्याला ठार मारले जाई. खडे चोरीला जाऊ नयेत म्हणून बेटावर एकही होडी ठेवली जात नसे. पहारेकऱ्यांची शिधासामग्री बाहेरून येई आणि गलबत वेळेवर आले नाही तर ते मृत्यूची वाट पाहत बसत. खड्याच्या हिरव्या उजेडापाठीमागे ही माणसांची कैदही होती, हे विसरता येत नाही.

याच हकिकतीत असेही म्हटले आहे की, हा खडा दिवसा सूर्यप्रकाशात दिसत नाही, रात्री मात्र चमकतो. पहारेकरी रात्री फिरून चमकणाऱ्या जागेवर भांडे पालथे घालून खूण करीत आणि दिवसा तेवढा भाग फोडून काढीत. ही कथा खूप फिरली. प्रत्यक्षात जबरजद अंधारात स्वतः प्रकाशत नाही. अतिनील किरण पडल्यावर काही रत्ने उजळून निघतात. जबरजद तसेही करीत नाही, कारण त्यातले लोह ती क्रिया दाबून टाकते. मात्र दिव्याच्या पिवळसर उजेडात त्याचा हिरवेपणा मावळत नाही, ही गोष्ट जव्हेऱ्यांनी नेहमीच सांगितली आहे. 'संध्याकाळचा पाचू' हे त्याचे टोपणनाव त्यातूनच आले. कथेचा उगम कदाचित एवढ्याच निरीक्षणात असेल.

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात या खड्याचे नाव 'टोपाझ' असे दिले आहे. आज टोपाझ म्हणजे पुष्कराज. पण प्लिनीचा खडा हिरवा आहे, आणि मौल्यवान खड्यांपैकी एकट्या याच्यावरच कानस चालते, तो वापराने झिजतो, असे तो सांगतो. पुष्कराज चांगलाच कठीण असतो, तो असा झिजत नाही. जबरजदची कठिणता मात्र साडेसहा ते सात एवढीच. तेव्हा प्लिनीच्या वर्णनातला टोपाझ हा आपला जबरजदच होता, हे आजच्या अभ्यासकांनी मान्य केले आहे. पुढे टोपाझ हे नाव दुसऱ्याच खड्याकडे गेले. नावे अशी प्रवास करतात. खडा जागेवरच राहतो.

दोन नावे, एक की दोन खडे?

अरबांच्या हाती हा वारसा आला तेव्हा त्यांच्याकडे हिरव्या खड्यासाठी दोन नावे होती : जमुर्रद आणि जबरजद. ग्रीक भाषेतील 'स्मराग्दोस' आणि आपल्या संस्कृतातील 'मरकत' यांच्याच गोतावळ्यातली ही नावे. त्यात भर अशी की, त्या काळी पाचूच्या प्रसिद्ध खाणीही इजिप्तच्या पूर्व वाळवंटातच होत्या, म्हणजे जबरगद बेटासमोरच्याच मुलखात. एकाच देशाकडून, एकाच रंगाचा, मिळत्याजुळत्या नावाचा माल बाजारात येत असेल तर घोटाळा होणारच.

या घोटाळ्याला सामोरे गेलेल्यांत सर्वांत मोठे नाव अबू रैहान अल-बेरूनी यांचे. त्यांचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममध्ये झाला. महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकल्यावर ते गझनीला आणले गेले. आपल्याला ते 'किताबुल हिंद'मुळे परिचित आहेत. पण आयुष्याच्या अखेरच्या काळात, सुलतान मौदूदच्या कारकिर्दीत, त्यांनी रत्नांवर एक मोठा ग्रंथ लिहिला : 'किताबुल जमाहिर फी मआरिफतिल जवाहिर'. त्याच्याआधी अल-किंदी आणि नस्र दिनावरी यांनी या विषयावर लिहिले होते. बेरूनींनी त्यांचा आधार घेतला, तसा तो तपासूनही पाहिला.

जमुर्रद आणि जबरजद ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, असा बेरूनींचा निर्वाळा आहे. आजच्या दृष्टीने तो अचूक नाही. परंतु याच प्रकरणात त्यांनी जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे.

त्या काळी सर्वत्र अशी समजूत होती की, जमुर्रदवर नजर पडताच सापाचे डोळे वितळून वाहू लागतात. रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत ती लिहिलेली होती, लोकांच्या तोंडी होती. बेरूनींनी काय करावे? त्यांनी एका सापाच्या गळ्यात पाचूंचा हार घातला, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, त्याच्या डोळ्यांसमोर पाचूंची माळ हलवून पाहिली. एकदोन दिवस नव्हे, नऊ महिने. उन्हाळ्यातही आणि थंडीतही. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. उलट झालेच असेल तर त्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण झाली असेल, असा शेराही त्यांनी मिश्कीलपणे मारून ठेवला आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या या प्रयोगाकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. एखादी गोष्ट सगळेच सांगतात, जुन्या पुस्तकात आहे, मोठ्या माणसाने लिहिली आहे, एवढ्याने ती खरी ठरत नाही. ती पडताळून पाहावी लागते, आणि एकदा नव्हे तर ऋतू बदलून पाहावी लागते, हा विचार त्यामागे आहे.

बेरूनींचे दुसरे साधन होते तराजू. त्यांनी एक निमुळत्या आकाराचे पात्र तयार केले होते. त्यात पाणी काठोकाठ भरायचे, खडा आत सोडायचा आणि बाजूच्या नळीतून बाहेर पडलेले पाणी तोलायचे. खड्याचे वजन आणि त्याने बाहेर लोटलेल्या पाण्याचे वजन यांचे गुणोत्तर म्हणजे त्या खड्याची विशिष्ट घनता. जमुर्रदसाठी त्यांच्या आकड्यांवरून येणारे मूल्य पावणेतीनच्या आसपास आहे. पाचूची आज मोजली जाणारी घनताही जवळपास तेवढीच. जबरजदची मात्र सुमारे ३.३. याचा अर्थ उघड आहे. बेरूनींच्या पात्रात पडलेला खडा अस्सल पाचू होता. त्याच दिवशी कुणी त्यांच्या हाती बेटावरचा जबरजद दिला असता, तर पाण्यानेच त्यांना सांगितले असते की, नावे एक असतील, पण खडे दोन आहेत. शब्दांनी केलेली चूक दुरुस्त करण्याचे साधन त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवून ठेवले होते!

पुढच्या पिढ्यांनी हा धागा सोडला नाही. ११८४ साली जन्मलेले अहमद अल-तिफाशी यांनी तेराव्या शतकात पंचवीस रत्नांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी जमुर्रदला एक प्रकरण दिले आणि जबरजदला दुसरे, स्वतंत्र. थोरांचा शब्द झाला म्हणून तो तसाच पुढे चालवायचा नाही, ही शिस्त तिथेही दिसते.

खड्याच्या आत प्रकाशाचा प्रवास

आता या खड्याचे खरे वैभव पाहू. खाणीतून निघालेला जबरजद हा काचेच्या तुकड्यासारखा दिसतो, त्यावर थोडी तेलकट झाक असते. जुन्या काळी तो गोल घासून वापरत. पैलू पाडण्याची कला पंधराव्या शतकानंतर युरोपात वाढली आणि मग या खड्याच्या पोटातला उजेड बाहेर आला.

पैलू का पाडायचे? याचे उत्तर समजायला पुन्हा बेरूनींच्याच काळात जावे लागते. ९८४ च्या सुमारास बगदादच्या इब्न सहलने भिंगांवर लिहिताना, प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो याचा नियम भूमितीच्या आकृतीने मांडला. युरोपात हाच नियम सतराव्या शतकात स्नेलच्या नावाने प्रसिद्ध झाला. इब्न सहलचे काम रुश्दी राशिद यांनी १९९० साली उजेडात आणले. बसऱ्याचे इब्न अल-हैसम हे तर बेरूनींचे समकालीन. कैरोमध्ये त्यांनी 'किताबुल मनाजिर' लिहिली. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर जातात हे मत खोडून, वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशामुळे आपल्याला दिसते हे त्यांनी सिद्ध केले. त्या ग्रंथाचा सातवा भाग प्रकाशाच्या वळण्याबद्दलच आहे. तीनशे वर्षांनी कमालुद्दीन फारिसी यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात प्रकाश कसा वळतो आणि आतल्या आत कसा परततो हे पाहून इंद्रधनुष्याचा उलगडा केला.

पैलूदार खड्यात नेमके हेच घडते. हवेतून जबरजदमध्ये शिरताना प्रकाश बराच मंदावतो आणि वळतो. त्याचा वक्रीभवनांक १.६५ ते १.६९, पाण्याचा १.३३, पाचूचा १.५८ च्या आसपास. हा अंक जितका मोठा तितका प्रकाश आत अडकवून ठेवणे सोपे. जबरजदच्या आतून पैलूवर येणारा किरण लंबाशी सुमारे ३७ अंशांपेक्षा अधिक कलला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. आरशावरून परतावा तसा आत परततो. कारागीर खालचा निमुळता भाग अशा बेताने घासतो की, वरून शिरलेला किरण एका बाजूवर आपटावा, तिथून समोरच्या बाजूवर जावा आणि मग वरच्या पैलूतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत यावा. कोन चुकला, खालचा भाग चपटा राहिला, तर प्रकाश तळातून निसटतो आणि खड्याच्या मध्यभागी एक निर्जीव खिडकी दिसते. असा खडा वर्तमानपत्रावर ठेवला तर त्यातून अक्षरे वाचता येतात. नीट कापलेल्या खड्यातून अक्षर दिसत नाही, उजेडच दिसतो. ग्राहकाने एवढी एक परीक्षा लक्षात ठेवली तरी पुरे.

जबरजदचा दुसरा गुण अधिक विलक्षण आहे. त्यात शिरलेला एक किरण दोन किरणांत विभागतो आणि दोघे वेगवेगळ्या वेगाने जातात. हा गुण पाचूतही आहे, पण नावापुरता. जबरजदमधला फरक पाचूच्या सहापट आहे. त्यामुळे वरच्या सपाट पैलूतून भिंग लावून खालच्या कडा पाहिल्या तर प्रत्येक कड दुहेरी दिसते, जणू एका रेषेच्या दोन रेषा झाल्या. अशा खड्याच्या आत एक मऊ, मखमली झळाळी भरून राहते. हिऱ्यासारखे सप्तरंगी तुषार त्यातून फारसे उडत नाहीत. त्याचे सौंदर्य भडक नाही, भरलेले आहे. भिंगाखाली कधी कधी कमळाच्या पानासारख्या गोल चकत्याही दिसतात. मध्ये क्रोमाइटचा सूक्ष्म कण आणि त्याभोवती ताणाने पडलेली वर्तुळाकार भेग, अशी ती आकृती असते.

म्हणजे जमुर्रद की जबरजद, या हजार वर्षांच्या वादाचा निकाल एक साधे भिंग क्षणात देते : कड एक दिसली तर पाचू, दोन दिसल्या तर जबरजद. गंमत अशी की, निकाल देणारे शास्त्र ज्या पायावर उभे आहे त्या पायाचे दगड घालणारी माणसे त्याच शतकात, त्याच संस्कृतीत वावरत होती.

ईदचे सिंहासन आणि जर्मनीतील पेटी

जबरजदचा सर्वांत देखणा संग्रह पाहायचा तर इस्तंबूलच्या तोपकापी महालात जावे लागेल. तिथे अक्रोडाच्या लाकडाचे, सोन्याच्या पत्र्याने मढवलेले एक सिंहासन आहे. इजिप्तचा सुभेदार इब्राहिम पाशा याने १५८५ साली ते सुलतान मुराद तिसरा याला नजर केले. त्यावर नऊशेहून अधिक जबरजद जडवलेले आहेत. सुलतानाच्या राज्यारोहणाला आणि ईदच्या मुबारकबादीला हे सिंहासन महालातील 'बाबुस्सआदा' या दरवाजासमोर मांडले जाई. म्हणून तुर्क त्याला 'बैरम तख्त', म्हणजे ईदचे सिंहासन, म्हणतात. इजिप्तच्या सुभेदाराने याच खड्याची निवड करावी, यात नवल नाही.

युरोपात मात्र त्याच्या वाट्याला दुसऱ्याचे नाव आले. जर्मनीतील कोलोन शहराच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या-तेराव्या शतकात घडवलेली एक सुवर्णमंडित पेटी आहे. तिच्यावरचे मोठे हिरवे खडे शेकडो वर्षे पाचू म्हणून वाखाणले गेले. तपासणी झाली तेव्हा ते जबरजद निघाले. खड्यांचे तेज त्याने कमी झाले नाही, फक्त नाव खरे झाले.

बेटावरचा साठा पुढे ओसरला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात सुमारे ३१० कॅरटचा जो प्रचंड जबरजद आहे तो याच बेटावरचा. आज अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील अपाची आदिवासींची भूमी, म्यानमार, चीन इथून हा खडा येतो. १९९० च्या दशकात पाकिस्तानातील कोहिस्तानच्या डोंगरांत, बर्फाळ उंचीवर, त्याचे उत्तम साठे सापडले. जयपूरच्या ज्या गल्ल्यांत जगभरचे रंगीत खडे पैलू पाडायला येतात, तिथे जबरजदही येतो आणि तो साणेवर धरणाऱ्या हातांत मुस्लिम कारागिरांचे हात मोठ्या संख्येने आहेत. हा खडा तसा नाजूक. उष्णतेने तडकतो, आम्लाने झाकोळतो. तो घासताना हात सांभाळावा लागतो. किताबुल मनाजिर वाचलेली नसली तरी किरण कुठे परततो हे त्या बोटांना ठाऊक असते. इल्म ग्रंथात राहिले, हुनर हातांत राहिले. दोघांची गाठ मात्र सुटली, ही आपली शोकांतिका आहे.

आपण काय जपले?

आज उरुसांच्या बाजारात आणि शहरांतल्या दुकानांत खडे विकले जातात ते बहुधा नशिबाच्या नावाने. हा घातला तर नोकरी लागेल, तो घातला तर नजर लागणार नाही. विकणारा हिरव्या काचेलाही जमुर्रद म्हणतो, घेणारा भाबडेपणाने पैसे मोजतो. गरीब घरातली बाई कर्ज काढून असा खडा घेते, तेव्हा केवळ रत्नशास्त्राची हार होत नाही. खडा आवडला, त्याचा रंग डोळ्यांना गारवा देतो, म्हणून तो बोटात घालण्यात गैर काहीच नाही. सौंदर्याची ओढ ही माणसाला मिळालेली देणगीच आहे. पण ज्या परंपरेत एका माणसाने नऊ महिने सापासमोर पाचू धरून समजूत तपासली, त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांनी न तपासता ताईत म्हणून काच विकत घ्यावी, हे शोभत नाही.

आपल्या सभा-संमेलनांत बेरूनी आणि इब्न अल-हैसम यांची नावे अभिमानाने घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत. पण अभिमान हा ऐतिहासिक ठेवा पेटीत कुलूपबंद करण्यासाठी नसतो. बेरूनींचा निष्कर्ष एका ठिकाणी चुकला, तिफाशींनी तो सुधारला. तिफाशींना जे दिसले नाही ते भिंगाने दाखवले. या साखळीत कुणाचाही अपमान झालेला नाही. चूक दुरुस्त होणे हाच या परंपरेचा मान आहे. आपल्या शाळा-मदरशांतील मुलांच्या हाती एक भिंग, एक पाण्याचे भांडे आणि एक तराजू दिला, तर बेरूनींचे नाव पाठ करून घेण्यापेक्षा त्यांचे ऋण अधिक फिटेल. जबरजद महाग नाही, एक छोटा खडा वर्गापुरता सहज मिळू शकेल. मुलांनी त्याची कड दुहेरी होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी आणि मग त्याला कोणते नाव द्यायचे ते स्वतःच ठरवावे.